हरवलेल्या त्रेचाळीस नोंदी

 

मागच्या वेळी मी कर्जाच्या हप्त्यांविषयी बोलले होते. त्यानंतर तीन गावांतून फोन आले आणि तिघींनीही हप्त्यांविषयी काहीच विचारलं नाही. तिघींचा प्रश्न एकच. "ताई, आमच्या गटाच्या नोंदी संगणकातून आपोआप गायब होतात. कुणी हात लावलेला नसतो. काय करायचं?" एकीनं तर विचारलं, लाईट गेली की आतलं पुसतं का हो?

म्हणून आज त्याविषयी बोलते. मी संगणक शिकलेली नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली आहे. पण आमच्याच एका गटात हा प्रकार झाला. त्यात एका बाईवर चोरीचा आळ आला, दुसरीला कानातलं गहाण ठेवावं लागलं, आणि त्या दोन्ही गोष्टींत थोडी चूक माझीही होती. त्यामुळं ते प्रकरण मला तारीखवार पाठ आहे.

आधी थोडं मागचं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रयोगासाठी ५०० गट धरले होते. तेव्हापासून आपल्याला पंचसूत्री शिकवली जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे हिशेबाचं दप्तर. पहिली चार सूत्रं आपण बायका जीव लावून पाळतो. पाचवं मात्र ज्या एकीला लिहिता येतं तिच्या गळ्यात घालतो आणि मोकळ्या होतो. पुढं हे दप्तर संगणकावर आणायचं ठरलं. नाबार्डचा ई-शक्ती प्रकल्प २०१५ साली सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या दोन जिल्ह्यांत एक झारखंडचा रामगढ आणि दुसरा आपला धुळे होता. आमच्याकडं त्यातलं काही आलं नव्हतं. आमच्या ग्रामसंघानं आपल्या पैशानं एक जुना लॅपटॉप घेतला आणि तालुक्याच्या एका मुलाकडून छोटा प्रोग्रॅम बनवून घेतला. सदस्यांची एक यादी, बचतीची एक, कर्जाची एक, हप्त्यांची एक. नाव निवडायचं, रक्कम टाकायची, झालं.

सगळ्यांना फार बरं वाटलं. जूनमध्ये आम्ही गटाचं कागदी रजिस्टर बंद केलं. आता सगळं कॉम्प्युटरमध्येच आहे, दोनदा कशाला लिहायचं, असं बैठकीत म्हणणारी मीच होते.

आता प्रकरण ऐका. गट बारा जणींचा. दर महिन्याच्या ५ तारखेला बैठक, प्रत्येकीची बचत १०० रुपये. फेब्रुवारीत गटाला बँकेचं कर्ज मंजूर झालं आणि वाटणीसाठी लिपिकेनं सदस्यांचा तक्ता छापून आणला. त्यात नावं अकरा. बारावी ताई समोर बसलेली. पावणेतीन वर्षं तिनं एकही बैठक चुकवली नव्हती, मध्ये १०,००० रुपयांचं कर्ज घेऊन दहा हप्त्यांत फेडलंही होतं. आता तिला २०,००० हवे होते. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता १० मार्चच्या आत भरायचा होता. आणि तक्त्यात तिचं नावच नाही. बचत नाही, कर्ज नाही, फेड नाही. जणू ही बाई गटात कधी आलीच नव्हती.

सुरुवातीला हसण्यावारी गेलं. मग कुणीतरी तिचं पासबुक मागितलं. त्यात ३३ बैठकांचे ३,३०० रुपये, प्रत्येक ओळीपुढं कोषाध्यक्ष काकूंची सही. म्हणजे पैसे काकूंनी घेतले होते हे पक्कं. मग गेले कुठं? पुढचं तुम्हाला सांगायला नको. कोपऱ्यातून एक वाक्य आलं, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं आलं, आणि दहा मिनिटांत काकूंच्या नव्या पत्र्यापर्यंत विषय गेला. काकू उठून घरी गेल्या. त्यानंतर दोन बैठकांना त्या आल्या नाहीत.

त्या ताईनं मला विचारलं, "पासबुक आहे ना माझ्याकडं, मग कर्ज द्यायला काय हरकत आहे?" मी म्हणाले, "आधी हिशेब लागू दे." चार माणसांत ते शहाणपणाचं वाटलं. खरं तर सहीचं पासबुक हा पुरेसा पुरावा होता. संगणकाच्या कागदावर तारीख आणि शिक्का छान दिसतो, म्हणून मी त्याला पासबुकापेक्षा मोठं मानलं. हिशेब लागायला आठ दिवस लागले. पाचव्या दिवशी ती सोनाराकडं कानातलं ठेवून आली.

आता शोध कसा घेतला ते सांगते, कारण फोन करणाऱ्या तिघींना तेच हवं आहे.

पहिल्यांदा मी प्रोग्रॅम बनवणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, फाईल करप्ट झाली असेल, एक साफसफाईचं बटण आहे ते दाबा. मग मी कॉलेजातल्या आमच्या संगणकाच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "खबरदार, कशालाही हात लावू नकोस. आधी आहे त्या फाईलची नक्कल काढ, मूळ फाईल बाजूला ठेव आणि जे काय उचकायचं ते नकलेवर उचक." साफसफाईच्या बटणाचं त्यांनी असं सांगितलं, की पुसलेली नोंद पुष्कळदा लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा रिकामी म्हणून धरली जाते, मजकूर तिथं पडून असतो आणि जाणकार माणूस तो कधीकधी काढू शकतो. साफसफाई केली की ती पडीक जागाच संपते. नवीन नोंदी घालत राहिलं तरी हाच धोका. म्हणून नोंद हरवल्याचं कळलं, की त्या दिवसापुरतं काम थांबवायचं.

मग बघायचं, की नोंद खरंच गेली आहे का नुसती दिसत नाही. शेजारच्या गावात एका गटाचा हिशेब साध्या एक्सेलच्या तक्त्यात आहे. तिथं चाळीस ओळी गायब झाल्या म्हणून आरडाओरडा झाला होता. कुणीतरी एका वस्तीपुरतं बघण्यासाठी फिल्टर लावला होता आणि तो तसाच राहिला होता, एवढंच. डाव्या बाजूचे ओळींचे आकडे बघायचे. ते ३, ७, १२ असे उड्या मारत असतील आणि निळे दिसत असतील, तर ओळी आत शाबूत आहेत. फोनवरच्या ॲपमध्ये दुसराच घोळ होतो. रेंज नसताना भरलेली नोंद फोनातच थांबते, वर जातच नाही. मग फोन बिघडला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं की ती संपली. ती नोंद हरवली म्हणण्यापेक्षा पोचलीच नव्हती म्हणावं लागेल. आमच्याकडं यातलं काही नव्हतं. मूळ यादी उघडून बघितली, ताईचं नाव खरंच नव्हतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीला आपोआप एक क्रमांक देतो, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या नोंदीला देत नाही. म्हणजे नोंद पुसली तरी तिच्या क्रमांकाची जागा रिकामी राहते, दात पडल्यावर हिरडीत राहते तशी. आम्ही गटाच्या बचतीची यादी क्रमांकानं लावली आणि लिपिका, मी आणि सचिव ताई अशा तिघी बोट ठेवून वाचत गेलो. एकूण ३४ जागा रिकाम्या निघाल्या.

फाईल बिघडून नोंदी गेल्या असत्या तर भोकं कुठंही पडली असती, एखादा सलग तुकडा गेला असता, मध्येच वेडीवाकडी अक्षरं दिसली असती. इथं तसं नव्हतं. लिपिका दर बैठकीची बारा नावं रजिस्टरच्या क्रमानं भरायची. त्या प्रत्येक बारांत पाचवी जागा रिकामी होती. पहिल्या बैठकीत पाचवी, दुसरीत पाचवी, अशा ओळीनं ३१ बैठका. रजिस्टरमध्ये पाचवं नाव त्या ताईचं. म्हणजे बिघाड नाही, लाईट नाही, व्हायरस नाही. एकाच बाईच्या सगळ्या नोंदी नेमक्या निवडून गेल्या होत्या. उरलेल्या ३ जागा सुट्या, कुठंतरी वेगळीकडंच. त्यांच्याकडं नंतर येते.

३१ बैठका म्हणजे डिसेंबरपर्यंतच्या. जानेवारी आणि फेब्रुवारीला पाचव्या जागी भोकच नव्हतं. त्या दोन महिन्यांत गटाच्या नावावर अकराच नोंदी होत्या. म्हणजे प्रकार झाला तो ५ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या मधे. मग ताईचे त्या दोन महिन्यांचे २०० रुपये गेले कुठं?

ते उत्तर आम्ही शोधलं नाही, ते चालत आलं. गावात बातमी पसरली होती. वरच्या वस्तीवरच्या दुसऱ्या गटातली एक वहिनी आपलं पासबुक घेऊन आली आणि म्हणाली, "बघा बरं, कॉम्प्युटरच्या कागदावर माझी बचत २०० रुपये जास्त दाखवतीय. हे पैसे माझे न्हाईत." या वहिनीचं नाव काय असावं? अगदी तेच, जे त्या ताईचं. नवऱ्याचं नावही तेच आणि आडनाव तर निम्म्या गावाचं तेच. प्रोग्रॅममध्ये नाव निवडताना फक्त नाव दिसायचं, गट किंवा वस्ती दिसायची नाही.

आता सगळ्या गाठी सुटायला लागल्या. लिपिकेनं आपली कामाची डायरी काढली. पोरगी वीस वर्षांची, मानधन अगदी थोडं, पण डायरी नेटकी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं, "डबल नावे काढली, ३." वरच्या कार्यालयातून संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला होता, की यादीतली दुबार नावं काढून उद्या सकाळपर्यंत पाठवा. तिनं तीन जोड्या शोधल्या. पहिल्या दोन खरंच चुकून दोनदा भरलेल्या होत्या. त्यांतलं एकेक नाव काढलं, संगणकानं विचारलं, खात्री आहे का, तिनं होय म्हटलं. तिसरी जोडी म्हणजे ही ताई आणि ती वहिनी. तिथंही चौकट आली. दिसायला तशीच, मजकूर मात्र वेगळा होता, की या नावाला जोडलेल्या नोंदीही काढल्या जातील. इंग्रजीत होता. तिनं सवयीनं होय दाबलं.

जोडलेल्या नोंदीही काढायच्या, हे संगणकानं आपल्या मनानं ठरवलेलं नव्हतं. दोन याद्या एकमेकींना जोडताना तशी एक खूण करावी लागते. जाणकार याला कॅस्केड डिलीट म्हणतात. मूळ नाव गेलं की त्याच्यामागं लेकुरवाळं सगळं जातं. प्रोग्रॅम बनवणाऱ्या मुलाचं म्हणणं होतं, की नाव काढल्यावर बेवारस नोंदी मागं राहू नयेत म्हणून त्यानं ती खूण केली. काही कामांत ते बरोबर असेलही. पैशाच्या हिशेबात ते अजिबात चालत नाही, हे त्यालाही पटलं. मोजलं तर एक नाव, बचतीच्या ३१, कर्जाची १ आणि हप्त्यांच्या १०, अशा ४३ नोंदी एका बटणानं गेल्या होत्या. जानेवारीत लिपिकेनं यादीत ते नाव शोधलं, एकच दिसलं, तिनं तेच निवडलं आणि ताईची बचत वहिनीच्या खात्यावर गेली.

आणि हे दोन महिने कळलं कसं नाही? ऐकून तुम्ही कपाळावर हात माराल. डिसेंबरला गटाची एकूण बचत ३७,२०० हवी होती, पडद्यावर ३४,१०० आली होती. तो कागद आम्ही छापला, फाईलला लावला. मागच्या महिन्याचा कागद त्याच फाईलमध्ये त्याच्याच खाली होता. कुणी पान उलटून बघितलं नाही. जानेवारीत बैठकीचे पैसे १,२०० आणि संगणकात १,१००. "चहाचे गेले असतील, पुढच्या महिन्यात बघू," असं म्हणून आम्ही उठलो. सगळ्या ग्रामसंघाची बेरीज मात्र दर महिन्याला जुळत होती, कारण इथले शंभर तिथं जमा दिसत होते. जुळणारी बेरीज बघून आम्ही निवांत होतो.

मध्ये एक सांगते, विषयाला धरूनच आहे. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसांत १९९९ पासून होरायझन नावाची संगणक यंत्रणा आली. ती नसलेली तूट दाखवायची. २०१५ पर्यंत पोस्ट चालवणाऱ्या ९०० हून जास्त माणसांना चोरी आणि खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेली, काहींनी घरदार विकून ती तूट भरली. यंत्रणेतच दोष होते हे २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं, आणि शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. आमच्या काकूंचं प्रकरण आठ दिवसांत मिटलं. पण ती वाचलेली बातमी मला तेव्हा आठवली असती, तर काकू उठून जाताना मी गप्प बसले नसते.

नोंदी परत कशा आणल्या? दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यात लिपिकेनं पेन ड्राईव्हवर फाईलची नक्कल घेतली होती. ती उघडली, त्यात ताई होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकजण म्हणाली, चला, हीच फाईल लॅपटॉपवर टाका. हे मात्र करू नका बायांनो. जुनी फाईल वर टाकली असती तर ताई परत आली असती आणि सगळ्या गटांच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी गेल्या असत्या. एकीचं हरवलेलं शोधताना शंभरजणींचं हरवायचं. सरांनी येऊन जुन्या नकलेतून फक्त त्या ताईच्या ४१ नोंदी उचलल्या, जुन्याच क्रमांकासकट, आणि चालू फाईलमध्ये आणल्या. ऑक्टोबरनंतरच्या दोन, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या, पासबुकावरून भरल्या आणि पुढं शेरा लिहिला, की पासबुकावरून, अमुक तारखेला, तिघींसमोर. जानेवारी-फेब्रुवारीचे २०० वहिनीच्या खात्यातून वळते केले. शेवटी मोजणी. ३३ बैठका, १२ जणी, ३९६ नोंदी, ३९,६०० रुपये. सचिव ताईनं आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा लिपिका रडायलाच लागली.

एक गंमत सांगू? आमची नक्कल वाचली ती आळसामुळं. खरं तर लिपिकेनं दर महिन्याला नक्कल घ्यायची होती आणि जुनीवरच नवी टाकायची होती. तिनं दिवाळीनंतर ती घेतलीच नाही. घेतली असती तर जानेवारीत ताई नसलेली फाईल ताई असलेल्या फाईलवर बसली असती. म्हणून आता आम्ही नक्कल पुसत नाही. दर बैठकीनंतर नवी नक्कल, तिच्या नावात तारीख, आणि मागच्या बारा तशाच ठेवायच्या. पेन ड्राईव्ह दोन. एक कार्यालयात, एक अध्यक्षांच्या घरी धान्याच्या कोठीवर डब्यात. दर तीन महिन्यांनी एक नक्कल शाळेच्या संगणकावर उघडून खरंच उघडते का ते बघतो. पहिल्याच वेळी एक पेन ड्राईव्ह उघडला नाही. तो पोरांनी गाणी भरायला नेला होता.

प्रोग्रॅममध्येही फरक करून घेतले. ती जोडनोंदी पुसायची खूण काढली. आता जिच्या नावावर एकही नोंद आहे ती बाई यादीतून काढताच येत नाही, संगणक नकार देतो. गट सोडला तर तिच्यापुढं "बंद" असा शेरा आणि तारीख पडते, नोंदी तशाच राहतात. रक्कम चुकली तर जुनी खोडायची नाही, उलटी नोंद करून दुरुस्त करायची. कागदी रजिस्टरमध्ये आपण व्हाइटनर लावू देत नाही, लाल रेघ मारून सही घेतो, तसंच हे. नाव निवडताना आता सदस्य क्रमांक, गट आणि वस्ती दिसते. एकाच बाईची एकाच महिन्याची बचत दुसऱ्यांदा घेतली जात नाही. आणि कुणी, काय, कधी बदललं याची वेगळी यादी आपोआप तयार होते. त्यासाठी लिपिकेचा आणि सचिवाचा पासवर्ड वेगळा केला. आधी एकच होता आणि तो भिंतीवर कॅलेंडरवर लिहिलेला होता. लॅपटॉपचं घड्याळही लावून घेतलं. आतला सेल गेल्यामुळं ते कितीतरी वर्षं मागं चालत होतं. तारीखच चुकीची असेल तर "कधी" या प्रश्नाला काय उत्तर मिळणार?

पण ज्यांच्याकडं हे करून द्यायला कुणी नाही, त्यांना एवढं तरी जमेल. बैठक उठायच्या आधी तीन आकडे मोठ्यानं वाचायचे आणि साध्या वहीत लिहायचे. सदस्य किती, आजवरच्या बचतीच्या नोंदी किती, आजवरची बचत किती. फेब्रुवारीला आमच्या ३९६ होत्या, म्हणजे बारा जणींनी भरल्यावर मार्चला ४०८ व्हायला हव्यात आणि रक्कम ४०,८०० व्हायला हवी. नाही झाली तर त्याच बैठकीत शोधायचं. रुपयाचा फरक असला तरी सतरंजी गुंडाळायची नाही. दोन महिन्यांनी शोधायला बसलं की आठवणी फसवतात आणि भांडणं होतात. आम्हाला दिवस सापडला तो त्या पोरीच्या डायरीमुळं. ही वही आणि गटाचं रजिस्टर आम्ही पुन्हा सुरू केलं. दोनदा लिहावं लागतं. लिहितो.

आणि लिपिकेवर रागवायचं नाही. तिला काढून टाका असंही कुणी म्हणालं होतं. तिनं डायरी लपवली असती, तर आम्ही आजही व्हायरसला शिव्या देत बसलो असतो. गटानं तिला त्या इंग्रजी चौकटींचा अर्थ मराठीत लिहून दिला आहे, लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. रात्रीतून यादी पाठवा असा निरोप आता आला, तर ती मला फोन करते आणि मी वर कळवते, की बैठकीनंतर पाठवू.

ताईला कर्ज नवव्या दिवशी मिळालं, फी वेळेत भरली. कानातलं सोडवायला तिला मे उजाडला. ते व्याज तिच्या एकटीच्या अंगावर पडू नये, असं मी बैठकीत मांडलं. अर्ध्या जणी हो म्हणाल्या, अर्ध्या नाही. शेवटी ते मी आणि अध्यक्षांनी मिळून दिलं. काकूंच्या घरी आम्ही सगळ्याजणी गेलो. चहा झाला. त्या पुन्हा कोषाध्यक्ष झाल्या, पण आता पैसे मोजताना शेजारी दुसरी कुणीतरी बसलेली असल्याशिवाय मोजत नाहीत.

राहिल्या त्या तीन सुट्या जागा. क्रमांक रिकामा दिसला की नोंद पुसलीच असं नसतं. नोंद भरायला घेतली आणि मध्येच सोडली तरी क्रमांक खर्च होतो. दोन जागा तशाच निघाल्या. लिपिकेला आठवलं आणि त्या दिवसाच्या पासबुकांवरूनही जुळलं. तिसरी मागच्या वर्षीच्या श्रावणातली आहे. त्या बैठकीच्या बाराही जणींची पासबुकं तपासली, पैसे जुळतात, कुणाची नोंद कमी नाही. मग तो क्रमांक कशाचा होता ते कळलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवला आहे, पुढं प्रश्नचिन्ह आहे. त्या बैठकीला कोण कोण आधी निघून गेलं होतं, ते विचारायचं अजून राहिलं आहे. येत्या ५ तारखेला विचारणार आहे.